ताणलेला हात

रवळनाथाच्या सभामंडपाला चढताना उजव्या बाजूला एक काळा दगड आहे. बाकी पायऱ्या तांबड्या जांभ्याच्या. मधेच हा एक काळा, कुणी कुठून आणून बसवलेला कोण जाणे, पायांनी झिजून तुळतुळीत झालेला. या खेपेला गावी आले तेव्हा मोटारीतून उतरून घरी जायच्या आधी मी तिकडे वळले. पिशवी कठड्यावर ठेवली आणि त्या दगडावर उभी राहिले. देवाला नमस्कार केला नाही. तो मी करत नाही, हे गावाला ठाऊक आहे, आणि इतक्या वर्षांत देवालाही झालं असेल.

या दगडावर दानियल मास्तर उभे राहायचे. गावची सभा असली, गाऱ्हाणं असलं, दशावतारी आले, की मास्तर इथपर्यंत यायचे आणि थांबायचे. पुढे या म्हणून सगळे म्हणत. ते हसून म्हणत, "हयसरसून सगळा दिसता." पांढरा लांब कोट, पायात जुने बूट, हातात छत्री. ऊन असो नसो, छत्री. मंडपात आम्ही, बाहेर गाव, आणि मधल्या त्या काळ्या दगडावर वेंगुर्ल्याचा एक ख्रिस्ती मास्तर.

दगड तापला होता. चप्पल काढून उभी राहिले तर तळव्यांना तीच ऊब लागली. मंडपातून तोच वास आला: खोबरेल तेलाची काजळी, सुकलेली अबोली, शेणाने सारवलेली जमीन, आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी वटवाघळं. त्या वासाबरोबर एक शब्द आला. गेली कित्येक वर्षं मी तो शब्द जवळ बाळगून आहे. मराठी नाही, संस्कृत नाही, मालवणी तर नाहीच. ग्रीक आहे. खैरोतोनेओ.

तो आमच्या गावात कसा आला, ते सांगते.

*

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबांचं आचऱ्याच्या बाजारात छोटं दुकान होतं: गूळ, चहा, काडेपेट्या, पाट्या, पेन्सिली. मालवणहून मालाबरोबर पत्रकांचे गठ्ठे यायचे. कुळांच्या हक्कांची, अस्पृश्यतेची, विधवांच्या विवाहाची, सरकारने काय करावं आणि काय करू नये याची. पिवळसर, खरबरीत कागद, अक्षरं कुठे ठळक तर कुठे पुसट. बाबा ती आधी मोठ्याने वाचत, मग वाटत, आणि उरलेल्यांत गूळ बांधून देत. त्यामुळे माझ्या डोक्यात समतेला अजूनही गुळाचा वास येतो. गावातल्या बायका पुडी सोडून कागद चुलीत घालायच्या आधी मला हाक मारत, "गो, ह्येच्यार काय लिवलेला आसा, वाच बघू." मी वाचायची. चुलीपुढे उकिडवी बसून, धुराने डोळे चोळत, मी त्यांना जगातला अन्याय वाचून दाखवायची. त्या ऐकायच्या, आणि मग म्हणायच्या, "बरा आसा. आता दी हकडे, इस्तू विझता."

थंडीत पिंगुळीचे बाहुलीवाले यायचे. पांढऱ्या धोतराचा पडदा, मागे तेलाचा दिवा, आणि पडद्यावर चामड्याचे राक्षस. सगळी मुलं पुढे बसत. मी मात्र सरकत सरकत पडद्यामागे जायची. मला राक्षसापेक्षा तो हात बघायचा असे. काळा, शिरा उठलेला, घामेजलेला हात. पुढे बसलेल्यांना वाटे राजा चालतो आहे. चालत असे तो हात. मला आता वाटतं, माझं सगळं राजकारण त्या पडद्यामागे सुरू झालं.

आणि गाऱ्हाणं. ज्याने आमच्याकडचं गाऱ्हाणं ऐकलं नाही त्याला ते कळणं अवघड आहे. गावकार देवापुढे उभा राहतो आणि सगळ्या गावाच्या वतीने देवाशी बोलतो. एकेक वाक्य बोलून तो थांबला, की सगळा गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा." पाऊस पडांदे, व्हय म्हाराजा. रोगराई टळांदे, व्हय म्हाराजा. मुंबैक गेलेलो झील सुखरूप ऱ्हवांदे, व्हय म्हाराजा. त्या आवाजाने मंडपातली वटवाघळं उडत. अंगावर काटा येई. मी कितीही नाही म्हटलं तरी येई. पण त्यात एक गोष्ट होती. वाक्य काय होतं याकडे बहुतेकांचं लक्षच नसे. गावकार थांबला, की तोंड आपोआप उघडे.

*

यमूआत्या बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन मुंबईला गेली आणि दोन पावसाळे संपायच्या आत पांढऱ्या कपाळाने परत आली. कशाने काय झालं, ते घरात कुणी बोलत नसे, आणि मीही इथे सांगणार नाही. ती आली तेव्हा तिच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक होती, हिरवी, झाकणावर गुलाबाची फुलं रंगवलेली. ती माजघरात खिडकीखाली राहिली. आत्या तिच्यावर बसून अभ्यास करायची. दानियल मास्तरांनी तिला फायनलच्या परीक्षेला बसवलं, ती पास झालं की शिक्षक होता येई. परीक्षेला होडीने खाडी ओलांडून, मग चालत, मग मोटारीने. पास झाली तेव्हा बाबांनी दुकानात सगळ्यांना साखर वाटली. आत्याने मात्र त्या दिवशी न सांगता सवरता दोन मण भात कांडला.

त्याच साली गावाने ठरवलं होतं, मुलींचा वेगळा वर्ग काढायचा. शाळेत मुली नावापुरत्या होत्या. कडेवर भावंड असलं की वर्गात घेत नसत, आणि कडेवर भावंड नाही अशी मुलगी आमच्या गावात विरळ. म्हणून दुपारचा वर्ग, मंडपातच, भावंडांसकट. शिकवणाऱ्याला गावाने भात आणि नारळ द्यायचे. कुणी शिकवायचं, ते गावच्या सभेत ठरणार होतं.

आत्याला ते काम हवं होतं. तिने तसं तोंडाने कधी म्हटलं नाही, पण घरातल्या भांड्यांनाही ते ठाऊक होतं. कारण दुसरी वाटही आमच्या ओट्यावर येऊन बसली होती. तिचा दीर मुंबईहून बोटीने आला होता. माणूस वाईट नव्हता. त्याच्या बायकोला तिसरं मूल झालं होतं, खोली लहान होती, आणि स्वयंपाकाला कुणी नव्हतं.

"वहिनीनू, परतीची बोट सोमवारी आसा," तो चहा पिता पिता म्हणाला. "तयारी ठेवा."

"मी खंय नाय म्हणतंय," आत्या म्हणाली. "गाव काय म्हणता ता बघूया."

बाबा आत आले आणि हळूच म्हणाले, "गो यमू, तू खंयच जाव नको. हयसर तू कोणाक जड झालंस?"

"कोणाक नाय, दादा. पण तुझ्या चुलीर माझो भात किती वर्सां शिजतलो?"

त्या दिवशी दुपारी तिने ट्रंक भरली. पातळं, फायनलचा दाखला, मोडकी फणी, मास्तरांनी दिलेला कंपास. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर झाला. मला तो वास अजून सहन होत नाही. तिने कडी लावली, वर उशी ठेवली, आणि मला म्हणाली, "मला निवडलं तर उघडायची. नाहीतर अशीच न्यायची." आणि वेणी घालायला बसली. माझी, स्वतःची नाही.

*

सभेच्या दिवशी ऊन कोवळं होतं. भाताच्या उडव्या रचून झाल्या होत्या, गावभर नव्या पेंढ्याचा वास होता. पुरुष मंडपात, बायका मंडपाच्या कडेला खांबांच्या पलीकडे. मी आईच्या मांडीला टेकून. आत्या सगळ्यांच्या मागे, पदरात हात गुंडाळून. दानियल मास्तर त्यांच्या दगडावर, छत्री मिटलेली.

नाना गावकार उठले. उंच, सुके, मोठ्या मिशांचे. आत्याखेरीज दुसरं नाव त्यांच्याच पुतण्याचं होतं, सुधाकरचं. मॅट्रिकला बसून परत आलेला, दिवसभर पुळणीवर फिरणारा, शांत मुलगा. नानांनी देवाकडे तोंड करून सुरुवात केली, कारण आमच्या गावात कुठलीही सुरुवात अशीच होते.

"बा देवा रवळनाथा, आज तुझी लेकरां हयसर एका कामाक जमली आसत."

"व्हय म्हाराजा."

"आमच्या चेडवांक शिकवूक माणूस व्हयो."

"व्हय म्हाराजा."

"आमचो सुधाकर मॅट्रिकपर्यंत शिकलेलो आसा. तेच्या हातान ह्या काम पार पडांदे."

"व्हय म्हाराजा."

वटवाघळं उडाली. नाना वळले. "झाला. गावान सांगितला."

बाबा उभे राहिले. "नानांनू, दुसरा नाव ऱ्हवला."

"बरा. ता पण देवाच्या कानार घालूया," नाना म्हणाले. मन मोठं होतं त्यांचं, खोटं कशाला बोलू. पुन्हा देवाकडे वळले. "तशीच आमच्या दुकानवाल्याची भैण, यमुना. ती फायनल पास झालेली आसा. तिच्या हातान ह्या काम पार पडांदे."

"व्हय म्हाराजा."

तितकाच मोठा. वटवाघळं बसायला आली होती ती पुन्हा उडाली.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागून गावचा थट्टेखोर बाबल्या हसला, आणि हसू पसरलं. सगळ्या गावाने एकाच कामाला दोन माणसं, एकाच दमात, देवाच्या साक्षीने निवडली होती.

"दोघांकय देवन टाका रे," बाबल्या म्हणाला. "एक सकाळचो, एक सांजचो."

"आणि भात खंयसून हाडतलंस? तुझ्या कणगीतसून?" कुणीतरी त्याला विचारलं.

नानांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "पयल्या नावाक आवाज मोठो होतो. बायलमाणसांनी सुद्धा म्हटला. कान आसत मा तुमका?"

"दुसऱ्या नावाकय तितकोच होतो," बाबा म्हणाले.

"मगे वाद नको. देवाक इचारूया. गुरवा, कळे काढ."

कळे म्हणजे कौलाच्या कळ्या. पाण्यात बुडवून देवाच्या अंगाला चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी आत्याकडे पाहिलं. तिचा चेहरा विझला होता. माणसाच्या निर्णयाशी भांडता येतं, त्याच्यावर पत्रक काढता येतं. कळीशी कोण भांडणार? ती पडली की माणूस घरी जातो, आणि सोमवारी बोटीत बसतो. कौल मला मान्य नाही. तेव्हाही नव्हता. पण मी सातवीत होते, आणि माझ्या मान्यतेवाचून त्याचं काही अडलं नव्हतं. गुरव तांब्या घेऊन गाभाऱ्याकडे निघाला.

"नानांनू," दगडावरून आवाज आला. "एक सांगू काय?"

"सांगा मास्तर. तुम्ही काय परके?"

"देवाक तरास कित्याक? ज्यांका सांगूचा हा ती माणसां हयसरच बसलेली आसत. तेंका हात वर करूक सांगा."

"हात? मारामारी करूची आसा काय?"

मंडप हसला. मास्तरही हसले. त्यांनी छत्री दगडाला टेकवून उभी केली. वर्गात शिकवायला लागण्यापूर्वी ते असंच करत.

"आमच्या पुस्तकात एक ग्रीक शब्द आसा. खैरोतोनेओ."

"खैराचा झाड?" बाबल्या.

"झाड नाय रे. खैर म्हणजे हात. आणि पुढचो भाग म्हणजे ताणूचा. आपल्या ताणण्याचोच भाऊ तो, लांबच्या गावात ऱ्हवलेलो." त्यांनी स्वतःचा उजवा हात खांद्यापासून सरळ वर ताणला. कोटाची बाही खाली घसरली. आत शर्टाला ठिगळ होतं, ते सगळ्यांना दिसलं, आणि त्यांनी हात खाली घेतला नाही. "असो बघा. पूर्वीचे ग्रीक लोक जमान कोणाक तरी कामार नेमीत, तेव्हा असो हात वर करीत. म्हणान निवडूक तेंचो शब्दच असो. हात ताणणे."

"तेंच्या गावात गुरव नाय होतो वाटता," कुणीतरी म्हणालं.

"होते की. गुरव होते, देव होते, आपल्याकडे आसत तितके. कौलासारख्या चिठ्ये पण टाकीत. पण काही कामां तेंनी माणसांच्या हातात ठेवली होती." ते नानांकडे वळले. "आवाज एकमेकांत मिसळता, नाना. तुमचो खयचो, माझो खयचो, कळणा नाय. हात मिसळणा नाय. ज्याचो तेचो ऱ्हवता."

नाना मिशीवरून बोट फिरवत राहिले. "बरा. गुरवा, थांब. पुरुषांनी हात वर करा."

"पुरुषांनीच कित्याक?" मास्तरांचा आवाज तसाच हलका होता. "आत्ताच तुम्ही म्हटलास, बायलमाणसांचो आवाज पण धरलो म्हणान. आवाज धरलास तर हात कसो सोडतलास?"

मंडपात कुणी हसलं नाही. नानाच हसले. "ह्या मास्तरान माका माझ्याच दोरयेन बांधल्यान," ते म्हणाले. मग खांबांपलीकडे नजर टाकली आणि सैल झाले. "करांदेत बायलांनी पण. करतली तर."

तेच तर होतं. करतली तर. आमच्या गावातल्या बायकांचे हात मी जन्मापासून पाहत होते. डोक्यावरची घागर धरायला वर गेलेले, वलाणीवर कपडे टाकायला वर गेलेले. पण काहीच न धरता, रिकामा, लोकांच्या देखत वर गेलेला बाईचा हात कुणी पाहिला नव्हता.

सुधाकरच्या नावाला हात गेले. नानांच्या शेजारच्या जमिनीवाले, नानांच्या भावकीतले. बरेच होते. बायकांचा एकही नव्हता. सुधाकर खाली मान घालून जमिनीवर रेघा ओढत होता.

मग आत्याचं नाव. बाबांचा हात गेला. खालच्या वाडीतल्या पुरुषांचे गेले, आणि बाबल्याचा. मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. आपण या गावचे नाही, आपला हात धरायचा नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. त्यापुढे एकही नाही. हात कमी होते, हे मोजल्याशिवाय दिसत होतं. आत्याने डोळे मिटले.

देवळात दिवे लावणारी गंगाबाय तेव्हा समईपाशी उभी होती. लहानपणी देवाच्या नावाने वाहिलेली ती. तिला कुणी विचारलं नव्हतं. कुणीतरी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि तिचं सगळं आयुष्य ठरलं होतं. सभा असली तरी ती सभेत नसे. ती झाडलोट करत असे, वाती वळत असे. बुधलीतून समईत तेल घालता घालता ती थांबली. बुधली डाव्या हातात घेतली. आणि उजवा हात वर केला. तेलाने माखलेला, वातींच्या काजळीने काळा झालेला हात, पाचही बोटं फाकलेली. तेल मनगटावरून खाली ओघळलं, हळूहळू, कोपरापर्यंत आलं, आणि थेंब होऊन जमिनीवर पडलं. तिने हात हलवला नाही.

"गंगाबाय?" नाना म्हणाले.

"माझ्या भाचयेक शिकूचा आसा," ती म्हणाली. एवढंच.

मग मी तो आवाज ऐकला. या जगात मला एकच आवाज पुन्हा ऐकायला मिळणार असेल, तर मी तो मागेन. बांगड्यांचा. काचेच्या बांगड्या मनगटावरून घसरत कोपराकडे जातात तेव्हाचा. आधी एका हाताचा, मग शेजारच्या, मग खांबाखांबांमागून, सगळीकडून. भात कापून चिरा पडलेले हात. हळदीचे. मासळी साफ करून आलेले. एका हातात मूल होतं म्हणून दुसरा. सुधाकरच्या आईचा, म्हणजे नानांच्या भावजयीचाच, अर्धा वर गेलेला आणि मग पुरा. मीही माझा हात ताणला. आईने तो दंडाला धरून खाली ओढला.

"तू खंयची मतदार? खाली घे. माझो दिसणा नाय."

तिचा हात माझ्या डोक्यावरून वर गेलेला मी पाहिला. नणंदेसाठी. चुलीची धग लागून कोरडा झालेला, एका बोटाला फडकं बांधलेला माझ्या आईचा हात.

आणि शेवटी, पुरुषांच्या ओळीतून, जमिनीवर रेघा ओढणारा सुधाकर. त्याने हात वर केला आणि काकाकडे न बघता म्हणाला, "माका होडयेर जावचा आसा, नाना. तुमी इचारलासच नाय."

"मोजूची गरज नाय," नाना म्हणाले आणि खाली बसले.

*

आत्याने ट्रंक उघडली तेव्हा मी तिच्या शेजारी होते. एकेक पातळ तिने झटकून वलाणीवर टाकलं. डांबराच्या गोळ्या तिने मुठीत घेतल्या, मागच्या दारी गेली आणि माडांपलीकडे भिरकावल्या. दीर सोमवारच्या बोटीने गेला. जाताना कुळथाचं पीठ, नारळ आणि आईने दिलेली कोकमाची सोलं घेऊन गेला. "वहिनीनू, आमच्या चेडवाक पण शिकवा कधीतरी," असं म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

मी मात्र आत्यावर चिडले होते. "सगळ्यांनी हात वर केला. तू का नाही?"

"लाज वाटली गो," ती म्हणाली. "आपल्याच नावाक आपणच हात कसो करूचो?"

सभेच्याच रात्री जेवायच्या आधी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. हातांनी देवाला हरवलं, अशी काहीतरी सुरुवात होती. ग्रीक लोकांनी जगाला दिलेला शब्द, आणि आमच्या गावाने तो कसा खरा केला, असं पुढे. दुसऱ्या दिवशी ते मास्तरांकडे नेलं. शाळेच्या मागच्या खोलीत राहायचे ते. भिंतीवर क्रूस, खाली दोरीवर सुकत घातलेले बांगडे, आणि खिडकीत तीन भाषांतली त्यांची पुस्तकं. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं.

"छान आहे," ते म्हणाले. शिकवायला लागले की ते पुस्तकी मराठीत बोलत. "पण तुला सोयीचं तेवढंच लिहिलंयस."

"म्हणजे?"

"आमच्या नव्या करारात हा शब्द दोनच ठिकाणी येतो. एकदा मंडळ्या, म्हणजे गावोगावचे ख्रिस्ती समाज, प्रवासाला सोबती निवडतात. तिथे हात वर गेले असतील. दुसऱ्या जागी मात्र प्रेषित मंडळीवर वडील, म्हणजे जाणती माणसं, नेमतात. तिथे लोकांनी हात वर केले, की प्रेषितांनी आपलं आपणच ठरवलं? पंडित अजून भांडतात. आणि पुढे, बऱ्याच वर्षांनी, तोच शब्द दुसऱ्याच विधीला लागला. मोठा धर्मगुरू नव्या धर्मगुरूच्या डोक्यावर हात ठेवतो, त्याला."

मी विचार केला. "म्हणजे वर गेलेला हात डोक्यावर आला. शब्द फितूर झाला."

"शब्द फितूर होत नाहीत, बाये." त्यांनी माझ्या हातात पत्रक परत दिलं. "डोक्यावर ठेवलेला हात नेहमीच वाईट असतो असं नाही. माझ्याही डोक्यावर माझ्या बापाने ठेवला होता. पण लोक आपला हात खाली घेतात, तेव्हा कुणाचा तरी हात त्यांच्या डोक्यावर यायला मोकळा होतो. एवढं ध्यानात ठेव. हे पण लिही."

मी लिहिलं. बाबांनी ते मालवणला पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर छापून आणलं. शाईचा वास, ओले कागद, आणि खाली नाव नाही, कारण मास्तर म्हणाले, चांगल्या गोष्टीला नाव कशाला. महिनाभर आचऱ्याच्या बाजारात गूळ त्याच पत्रकात बांधून गेला.

*

दानियल मास्तर आता नाहीत. वेंगुर्ल्याला, समुद्राचा आवाज येतो अशा जागी, त्यांना पुरलं. बोटही आता बंद होत आली. पिंगुळीचे बाहुलीवाले क्वचित येतात. बाबल्या मुंबईत गिरणीत आहे. हिरवी ट्रंक आमच्या घरी अजून आहे, तिच्यात वर्गातल्या मुलींच्या पाट्या असत. आता खडू असतात.

या खेपेला मी आले ती सभेसाठी. वर्गाची शाळा झाली, शाळेला स्वतःची कौलारू इमारत झाली, आणि तिच्या कमिटीला नवा अध्यक्ष निवडायचा होता. इतकी वर्षं अध्यक्ष नाना होते. आता त्यांना ऐकू येत नाही. ते पुढे बसले होते, काठी गुडघ्यांमध्ये धरून, मिशा पांढऱ्याशुभ्र.

सभा मंडपातच झाली. बायका खांबांपलीकडे नव्हत्या. कुठेही बसल्या होत्या, जागा मिळेल तिथे, पुरुषांच्या आधी आणि मधे. मुलीच मुली. वर्गात शिकून गेलेल्या, आता कडेवर स्वतःची मुलं घेऊन आलेल्या. गंगाबाय खूप म्हातारी झाली आहे. तिची भाची शेजारी बसून तिला वारा घालत होती. ती भाची आता त्याच शाळेत शिकवते. मी माझ्या काळ्या दगडावरून पुढे आत गेले आणि त्यांच्या मागे बसले.

सुधाकर सभा चालवत होता. होडीवरून आता तो आठ-पंधरा दिवसांनी घरी येतो, आणि आला की गावाची कामं करतो. त्याने आत्याचं नाव वाचलं. दुसरं कुणाचं नव्हतं. "हात," तो म्हणाला. फक्त एवढंच. गाऱ्हाणं नाही, ग्रीकही नाही. या गावात तो शब्द आता कुणाला आठवतही नाही, आणि त्याची गरजही उरलेली नाही. एक लहानशी मुलगी जांभई देत देत हात वर करून बसली, तिच्या आईने तो खाली घेतला.

नानांनी सुधाकरकडे वळून विचारलं, "कोणासाठी रे?"

"यमूआत्येसाठी," तो त्यांच्या कानात ओरडला.

नानांनी काठी सोडली, हात वर केला, आणि जुन्या सवयीने, मोठ्याने, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाले, "व्हय म्हाराजा." मंडप हसत हसत त्यांच्यामागून म्हणाला. वटवाघळं उडाली. आणि या वेळी प्रत्येकाला ठाऊक होतं आपण कशाला होय म्हणतो आहोत, कारण प्रत्येकाचा हात वर होता.

मी आत्याकडे पाहिलं. ती पुढे बसली होती, पांढऱ्या पातळात, केस करडे झालेले, मांडीवर हात. तिने एकदा गंगाबायकडे पाहिलं. एकदा माझ्याकडे. मग तिने पदर खांद्यावर नीट केला आणि स्वतःच्या नावाला स्वतःचा उजवा हात वर ताणला. खांद्यापासून, सरळ, बोटं फाकलेली. खडूने पांढरा झालेला हात.

सुधाकरने हात मोजले. लोक उठायला लागले, चपला शोधायला लागले, मुलं पळाली, सगळे हात खाली आले.

तिचा अजून वरच होता.